ताईंची बाजू

सोफा तयार झाला, की गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी त्यावर आपण बसायचं, ही त्या दुकानाची पद्धत होती. बसायचं म्हणजे नुसतं टेकायचं नव्हे. कप भरून चहा घ्यायचा, पाठ टेकायची, पाय सोडायचे आणि चहा संपेपर्यंत हलायचं नाही. स्प्रिंग कुठे टोचते, फोम कुठे दबतो, शिवण कुठे ओढते, हे उभ्याने कळत नाही, कितीही डोळे फाडून बघा. ताई म्हणायच्या, "जो आपल्याला एका चहापुरता झेपला नाही तो सोफा लोकांना जन्मभर काय झेपणार?"

दुकान दोघी बहिणींचं. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला मावशी, कारण ताईंची मुलगी तिला मावशी म्हणायची आणि तिचं ऐकून अख्खा रस्ता म्हणायला लागला. जुने सोफे, खुर्च्या घ्यायच्या, पार सांगाड्यापर्यंत उसवायच्या आणि नव्या करून द्यायच्या. मावशींनी लग्न केलं नाही, सोफे केले. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "सोफा निदान बसू तरी देतो हो."

ताईंच्या मुलीचं नाव बारकी. म्हणजे खरं नाव वेगळं, पण लहानपणी काडीसारखी होती म्हणून पडलं ते पडलं. आता ती तिशी ओलांडलेली आणि अशी उंच, की शटर अर्धं उघडं असलं तर कपाळ आपटून घ्यायची. तरी बारकीच. शिवणयंत्र तिच्याकडे असायचं.

तर चहाची बैठक. ताई डाव्या टोकाला, मावशी उजव्या टोकाला, मध्ये ट्रे. आपापली बाजू आपण चाचपायची, दुसरीच्या बाजूत नाक खुपसायचं नाही. हा नियम आपोआप झालेला. पूर्वी दोघी अख्खा सोफा तपासायच्या आणि त्यावरून अशा कडाकडा भांडायच्या, की पलीकडचा सायकलवाला पंक्चर सोडून बघायला यायचा. मग वाटणी झाली. डावी ताईंची, उजवी मावशींची. बारकी आपला चहा शिवणयंत्राच्या स्टुलावर घ्यायची, नाहीतर तेवढ्यात झाडून काढायची.

याच बैठकीत ताईंचं ते खूळ असायचं. चहाचा पहिला घोट घेतला की ताई तीन प्रश्न विचारायच्या. आधी मावशींना, मग स्वतःला. आज जीव कशात लागला? आज कुणाला टाळलं? उद्या काय सुधारायचं? रोज. ताप असो, गिऱ्हाईक ताटकळत असो. मावशी कधी वैतागायच्या. "अगं, रोज रोज काय उत्तर देऊ? जीव फोममध्ये लागला!" ताई म्हणायच्या, "मग तसं सांग. पण विचार करून सांग. गादी रोज दाबून बघतेस ना? मग स्वतःला कधी बघायचं? आत सगळा भुसा झाला आणि वरून कापड तेवढं छान, असं व्हायला वेळ लागत नाही माणसाला." आणि उत्तर खोटं वाटलं, तर ट्रेवरची बिस्किटं आपल्याकडे ओढून घ्यायच्या. खरं उत्तर येईपर्यंत बिस्किट नाही. मावशींनी त्या सोफ्यावर काय काय कबूल केलं असेल, ते त्यांनाच माहीत. बिस्किटासाठी माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

मग ताई गेल्या. दुखणं लांबलेलं होतं, तेव्हा अचानक म्हणता येणार नाही.

मावशी रडल्या नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी एका दवाखान्याच्या खुर्च्या पुऱ्या करून दिल्या. लोक म्हणाले, "काय खंबीर बाई आहे!" आता खंबीर कसलं डोंबलाचं. मावशींना काही वाटतच नव्हतं. वाटेल म्हणून त्यांनी वाट पाहिली होती. आज वाटेल, मग म्हटलं ताईंचं कपाट आवरताना वाटेल, मग म्हटलं ताईंची कात्री हातात घेतल्यावर. कात्री घेतली, कापड कापलं, कात्री ठेवली. भूक लागायची, झोप यायची. जेवण तोंडात जायचं आणि संपायचं. कुणी विनोद केला तर मावशी हसायच्या, पण आधी क्षणभर थांबून, हसायचं असतं हे आठवून.

पण बैठक त्यांनी सोडली नाही. उलट ताईंच्या वेळी एखादा दिवस चुकला असेल, आता एकही नाही. सोफा तयार झाला की उजव्या टोकाला बसायच्या, मध्ये ट्रे ठेवायच्या आणि तिन्ही प्रश्न स्वतःच स्वतःला मोठ्याने विचारायच्या. ज्या दिवशी सोफा तयार नसे, त्या दिवशी जे काही दुरुस्तीला आलेलं असेल त्याच्या उजव्या टोकाला. "आज जीव कशात लागला? कामात. आज कुणाला टाळलं? कुणालाच नाही. उद्या काय सुधारायचं? लवकर उठायचं." पाढे म्हणावेत तसं. उत्तरं नीटनेटकी असायची आणि बिस्किट ओढून घेणारं कुणी नव्हतं. डावं टोक रिकामं राहायचं. तिथे त्या बसत नव्हत्या, हात लावत नव्हत्या, बघतसुद्धा नव्हत्या.

बारकी तेवढ्यात झाडून काढायची.

एके दिवशी दुपारी बारकीने यंत्र थांबवलं आणि म्हणाली, "मावशी, मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममधून निरोप आलाय. त्यांच्या कारखान्यात शिवणकामाला माणूस हवंय. मला विचारलंय. शनिवारपर्यंत सांगायचंय."

मावशी एका खुर्चीचे पट्टे ताणत होत्या. "बरं," म्हणाल्या.

"मी काय सांगू?"

"तुला योग्य वाटेल ते सांग."

"तुला काय वाटतं?"

मावशींनी खरंच शोधून पाहिलं. बारकी गेली तर दुकानात त्या एकट्या राहतील. शिवणारं कुणी नाही, बोलणारं कुणी नाही. आणि ही तर ताईंची पोर, याच दुकानात कापडाच्या ढिगाऱ्यावर झोपून वाढलेली. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं एका बाजूला राहिलं आणि त्या दुसऱ्या बाजूला. "चांगलीच आहे की नोकरी," त्या म्हणाल्या आणि पुढचा पट्टा ताणायला घेतला.

बारकीने पुन्हा यंत्र सुरू केलं. संध्याकाळी मावशींनी चहा घेताना म्हटलं, "आज कुणाला टाळलं? कुणालाच नाही."

त्या आठवड्यात गाण्याच्या बाईंचा सोफा होता. तिघांचा, सुट्या गाद्यांचा नव्हे तर सांगाड्यावरच ठोकलेल्या बैठकीचा, गडद हिरव्या मखमलीचा. मखमलीला लव असते, हे तुम्हाला ठाऊक असेल. एका दिशेने हात फिरवला तर मऊ सरकतो, उलट्या दिशेने फिरवला तर अडतो. आणि लव उलटी लागली, की तेच कापड वेगळ्या रंगाचं दिसतं, काळपट. म्हणून कापलेल्या प्रत्येक तुकड्यावरून आधी तळवा फिरवायचा आणि मागच्या बाजूला खडूने बाण काढायचा. लव इकडे. मग शिवणारी त्या बाणाप्रमाणे शिवते. मावशींचा हात या कामात असा होता, की ताई त्यांच्या डोळ्यांना फडकं बांधून गिऱ्हाइकांना गंमत दाखवायच्या.

मावशींनी बाईंची मखमल कापली. तळवा फिरवला, बाण काढला. तळवा फिरवला, बाण काढला. कुठेही थांबल्या नाहीत. बारकीने शिवलं, उजवीकडून मावशींनी आणि डावीकडून बारकीने ताणून पिना मारल्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी सोफा उभा राहिला. बारकी जरा वेळ त्याच्यासमोर उभी होती. मावशींकडे बघत होती, मग सोफ्याकडे, मग पुन्हा मावशींकडे.

"काय गं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. चहा टाकते."

चहा आला. मावशी उजव्या टोकाला बसल्या. पाठ टेकली, पाय सोडले. उजव्या हाताखालची मखमल चाचपली, ठीक होती. "आज जीव कशात लागला? कामात. आज कुणाला टाळलं? कुणालाच नाही. उद्या काय सुधारायचं? उद्या..." बारकी समोर झाडू घेऊन उभी होती आणि चक्क थांबून ऐकत होती. "उद्या मागची फळी झाडून घ्यायची," मावशी म्हणाल्या आणि कप ठेवला.

शनिवारी सकाळी टेम्पोवाला सोफा घेऊन गेला. दुपार व्हायच्या आत बाईंचा फोन.

"मावशी, रागावू नका हं. सोफा सुरेख झालाय. पण ती डावीकडची जागा आहे ना, ती अशी ओली का दिसते? मी आधी दिव्याला दोष दिला. दिवा हलवला. मग पडदा सरकवला. आता मुली शिकवणीला आल्यात, तर तिथे कुणी बसतच नाही. उरलेल्या दोन जागांवर पाचजणी दाटीवाटीने बसल्यात. म्हणतात, बाई, तिथे पाणी सांडलंय."

मावशी स्वतः गेल्या. दारातूनच दिसलं. दोन जागा हिरव्या आणि डावी काळपट. आंधळ्यालासुद्धा दिसावी अशी चूक. मावशींना शरम वाटायला हवी होती, निदान राग तरी यायला हवा होता. त्या दारात उभ्या राहून त्याची वाट पाहत होत्या. आलं काहीच नाही. "लव उलटी लागलीये," त्या म्हणाल्या. "चूक माझी. संध्याकाळपर्यंत नीट करून देते." बाई बिचाऱ्या म्हणत राहिल्या, राहू द्या, उद्या करा, पाणी घ्या. मावशींनी टेम्पो बोलावला.

सोफा दुकानात उतरला. मावशी खाली बसून डाव्या बैठकीच्या पिना उपटायला लागल्या. बारकी शेजारी येऊन बसली आणि दुसऱ्या कडेने उपटायला लागली. बऱ्याच वेळाने कापड सुटलं. मावशींनी ते उलटं केलं. मागे खडूचा बाण होता, त्यांच्याच हातचा, चांगला ठसठशीत, आणि साफ चुकीच्या दिशेला.

"शिवताना मला दिसलं होतं," बारकी म्हणाली.

"काय दिसलं होतं?"

"बाण उलटा आहे ते."

मावशींनी वर पाहिलं. "आणि बोलली नाहीस?"

"नाही."

"अगं, गिऱ्हाइकाच्या मालावर..." मावशींनी आवाज चढवून पाहिला, पण तो अर्ध्यातच उतरला. "का?"

"म्हटलं, चहाला बसेल तेव्हा कळेल तिला. इतका ढळढळीत डाग, एकदा तरी मान वळवेल. तू उजवीकडे बसलीस. चहा प्यालीस. तिन्ही उत्तरं दिलीस. कुणालाच टाळलं नाही म्हणालीस. मी समोर उभी होते, मावशी, हातात झाडू घेऊन. काल विचारायचं होतं मला, शनिवार उद्यावर आलाय, मी काय करू? आणि तू म्हणालीस, मागची फळी झाडायची."

बारकी उपटलेल्या पिना एका डबीत टाकत होती आणि बोलायची थांबत नव्हती. एकदा सुटली ती सुटलीच.

"आई गेल्यापासून तू अर्धाच सोफा तपासतेस. माहितीये तुला? अर्धाच! तरी एकही परत आला नाही, याचं कधी नवल नाही वाटलं? रोज सकाळी तू यायच्या आधी मी येते. डावी बाजू मी बघते. दोनदा स्प्रिंग वर आलेली होती, एकदा शिवण सुटली होती. सगळं नीट करून ठेवते आणि तू आलीस की आपली यंत्रावर बसलेली असते. आज तेवढं केलं नाही."

"बसून बघतेस?" मावशींनी विचारलं. का कुणास ठाऊक, त्यांना तेवढंच विचारावंसं वाटलं.

"नाही. गुडघे टेकून, हाताने."

"बसल्याशिवाय कळत नाही गं."

"तू कधी बस म्हणालीस?"

बाहेर सायकलवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. मावशींनी ते सगळं ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. मग त्या उठल्या, उरलेल्या मखमलीचा तुकडा टेबलावर पसरला आणि डाव्या बैठकीच्या मापाने कापला. तळवा ठेवला. वरून खाली फिरवला, खालून वर फिरवला. पुन्हा फिरवला. खडू हातात घेतला आणि खाली ठेवला.

"बारके," त्या म्हणाल्या, "माझ्या हाताला कळत नाहीये."

बारकी आली.

"बरेच दिवस कळत नाहीये. मी अंदाजाने बाण काढते. कापडाच्या काठाकडे बघून. या वेळी काठ बघायचा राहिला असेल." मग म्हणाल्या, "नुसतं कापडाचंच नाही. मला काहीच कळत नाही. ताई गेली, ते कळलं नाही. तू नोकरीचं म्हणालीस, ते कळलं नाही. तुला सांगायला तरी काय सांगू? मला वाटलं, रोज तीन प्रश्न विचारत राहिलं की होईल आपोआप नीट."

बारकीने मावशींचा हात मनगटाला धरला आणि त्यांचा तळवा कापडावरून खाली ओढला. "ही सुलट." मग वर ढकलला. "ही उलट." लहानपणी मावशींनी तिला असंच शिकवलं होतं, हे दोघींनाही आठवलं असेल. मावशींना सुलट आणि उलट सारखीच लागली. बाण बारकीने काढला.

तिने शिवलं. दोघींनी कापड ताणलं, पिना मारल्या. सोफा अखंड हिरवा दिसायला लागला. टेम्पोवाल्याला मावशींनी अर्ध्या तासाने ये म्हणून सांगितलं.

चहा या वेळी मावशींनीच टाकला. दोन कप आणि बिस्किटं ट्रेवर ठेवली, ट्रे सोफ्याच्या मध्यावर ठेवला आणि त्या उजव्या टोकाला बसल्या. बारकीने सवयीने झाडू उचलला होता.

"ठेव ते," मावशी म्हणाल्या. "बस इथे."

बारकी त्या जागेकडे बघत राहिली. मग झाडू भिंतीला लावला आणि बसली. आधी कडेवर टेकली, मग मागे सरकली, पाठ टेकली. लांब पाय कुठे सोडावेत ते तिला कळेना. मावशींनी मान वळवून पाहिलं. किती दिवसांनी चहाच्या वेळी त्यांची नजर त्या बाजूला गेली. तिथे ताई नव्हत्या. तिथे बारकी होती, नाकाचा शेंडा आईसारखा, बाकी सगळी बापाची.

"आज जीव कशात लागला?" मावशींनी विचारलं.

"उसवण्यात," बारकी म्हणाली.

"आज कुणाला टाळलं?"

बारकी कप बशीवर फिरवत राहिली. "तुला," ती म्हणाली. "तू बाईंकडे गेलीस तेव्हा शोरूमला फोन केला. हो म्हणून सांगितलं, सोमवारपासून. तू आल्यापासून सांगायचं टाळतेय."

मावशींच्या ओठांवर ते वाक्य तयारच होतं, चांगलीच आहे की नोकरी. त्यांनी ते गिळलं. ट्रेवरची बिस्किटं दिसत होती. खरं उत्तर आल्याशिवाय बिस्किट नाही. आणि मग काहीतरी आलं. मोठं वगैरे नाही, जेवताना घास अडकावा तसं, छातीत, आणि ते खाली जाईना आणि वरही येईना. सोमवारी सकाळी शटर उघडल्यावर यंत्रावर कुणी नसेल. ताई नाही आणि ही पण नाही. मावशींनी सोफ्याचा हात घट्ट धरला.

"मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या.

बारकीने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. "वाटतंय?"

"हो."

"खरंच वाटतंय?"

"हो गं. खूप वाटतंय. जाऊ नकोस म्हणत नाही मी. पण खूप वाईट वाटतंय मला."

बारकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती चक्क हसत होती. तिने बाहीने नाक पुसलं, ट्रेवरचं एक बिस्किट उचललं आणि मावशींच्या हातात दिलं. मग आपल्या हाताखालची मखमल एकदा वरून खाली, एकदा खालून वर नीट चाचपली आणि म्हणाली, "ही बाजू बरोबर आहे."

बाहेर टेम्पोवाला येऊन हॉर्न वाजवत होता. तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही. चहा संपेपर्यंत दोघी हलल्या नाहीत.